आखाजीचं ऑइल

नंदुरबारला खोली बघायला मी वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले होते. हातात बारावीची गुणपत्रिका होती. घरमालकांना दाखवायला म्हणून वडिलांनी ती मुद्दाम बरोबर घ्यायला लावली होती. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे तो कागद कुठे दाखवायचा आणि कुठे नाही याचा आम्हाला अंदाज नव्हता. घरमालक फाटकातच उभे होते. त्यांनी गुणपत्रिकेकडे पाहिलंही नाही. वडिलांना म्हणाले, "गाडी बंद करा. जराशे थांबा. आते ऑइलनी काडी काढा."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी इंजिनाचं झाकण फिरवलं आणि त्याला जोडलेली ऑइल मोजायची काडी बाहेर काढली. घरमालकांनी खिशातून एक गोल पांढरा कागद काढला, काडीच्या टोकाचा थेंब त्यावर टेकवला आणि कागद उन्हात धरला. थेंब हळूहळू पसरला. मध्यभागी तपकिरी, बाहेर जाताना फिकट, कडेला पिवळसर. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले.

"तुमी ऑइल येळवर बदलतस," ते वडिलांना म्हणाले. "खोली शे. पोरले ठेवा."

डिपॉझिट, भाडं, पाण्याची वेळ हे सगळं नंतर माईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने सांगितलं. परतताना वडिलांनी मोटारसायकल नेहमीपेक्षा जपून चालवली. शिक्षणाचे पुढचे दिवस आणि नोकरीची पहिली वर्षं मी त्या घरात काढली. घरमालकांना सगळे आबा म्हणत, मीही म्हणू लागले.

आबांचं आयुष्य एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलं होतं. उसाचा रस, पाक, मळी, जे समोर येईल त्याचा नमुना घ्यायचा आणि मगच बोलायचं, अशी त्यांना सवय लागली होती. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. घरी येणारं दूध ते काचेच्या नळीत घालून बघत. टाकीतलं पाणी बघत. पाहुण्याने चहाची स्तुती केली तर "कोनता घोटवरून म्हनी ऱ्हायनात?" असं विचारत. कॉलेजात प्राध्यापकांनी सांगितलेली एखादी गोष्ट मी कौतुकाने घरी सांगितली की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "त्यासनी सॅम्पल दखाडं का?" त्यांचं एक वाक्य मी दिवसातून एकदा तरी ऐकलंच: "सॅम्पल नही, तं बोलानं नही."

पण त्यांचा खरा जीव गाड्यांच्या ऑइलमध्ये. कारखान्यातून आणलेले गाळणकागद कायम खिशात. दारात कुणाचीही गाडी थांबली, मग ती लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याची का असेना, आबा बाहेर येत आणि काडी काढायला लावत. लोक हसत, कुरकुरत, पण काढत. कारण गल्लीतच काय, मिरची बाजारापर्यंत आबांचा शब्द चाले. नवी गाडी घेतली की पेढे देवळात जायच्या आधी आमच्या ओट्यावर येत.

एकदा एक मिरचीचे व्यापारी तणतणत आले. त्यांच्या नव्या डिझेल गाडीत आदल्या दिवशी ऑइल बदललं होतं आणि दुसऱ्याच दिवशी ते काळं दिसत होतं. गॅरेजवाल्याने जुनंच ऑइल परत ओतलं असा त्यांना संशय होता, आणि ते भांडायला निघाले होते. आबांनी त्यांना बसवलं, थेंब कागदावर घेतला. थेंब काळा होता खरा, पण मोकळा पसरला होता.

"शेठ, रंग देखीसन मिरची लेवानी," आबा म्हणाले. "ऑइल नही. काळं व्हयनं म्हंजे काम करी ऱ्हायनं. कपडा धुईसन पानी काळं नही व्हयनं, तं साबनच खोटा." डिझेल इंजिनात काजळी असतेच. ती इंजिनाला चिकटू न देता स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. थेंब मधेच गोळा होऊन कडक कडेचा काळा ठिपका झाला, पसरेनासा झाला, तर मात्र ऑइल संपलं असं समजायचं. व्यापारी रंगावर जगलेले. त्यांना हे पटायला दोन कप चहा लागला.

शेजारच्या गुरुजींची तऱ्हा उलटी होती. निवृत्तीनंतर त्यांनी नवी कोरी पेट्रोल गाडी घेतली होती, आणि ती घरापासून देवळापर्यंत आणि देवळापासून भाजीबाजारापर्यंत जाई. बाकी वेळ ती आच्छादनाखाली झोपलेली असे. आबांनी एके दिवशी तिचं ऑइल भरायचं झाकण उघडून उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट, पिवळट थर जमला होता.

"गुरुजी, तुमनी गाडी दूध देयी ऱ्हायनी. देखा, साय."

गुरुजी चिडले. "अहो आबा, गाडी चाललीच कुठे? पुस्तकात स्वच्छ लिहिलंय, दहा हजार किलोमीटरनंतर ऑइल बदला."

"पुढली ओळ वाचा."

गुरुजींनी चष्मा लावून वाचली: किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते.

"अर्धं वाक्य वाचनारा पोरले तुमी पास करेत का, गुरुजी?"

मग आबांनी समजावून सांगितलं. इंजिन नीट तापायच्या आत गाडी थांबते, इंजिनातली वाफ बाहेर पडत नाही, तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये मिसळतं आणि ही साय धरते. गाडी कमी चालली म्हणून ऑइल ताजं राहत नाही. उलट अशा गाडीचं ऑइल लवकर बदलावं, आणि आठवड्यातून एकदा तरी तिला तळोद्याच्या रस्त्याने लांब फिरवून आणावं. तेव्हापासून गुरुजी दर रविवारी बायकोला घेऊन फिरायला जाऊ लागले. त्यांच्या बायकोने आबांना राखी बांधायची तेवढी बाकी ठेवली.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल आबा कधीच चुकत नसत. मलाही तेव्हा तसंच वाटे.

आता त्यांच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यातून घडलं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. खानदेशात या सणाला सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि निघताना आई त्यांची ओटी भरते. आबांना एकच मुलगी. तिला मी ताई म्हणे. ती नवापूरला दिलेली. तिच्या सासरी कोंबड्यांचे मोठे फार्म होते. दर आखाजीला ती यायची, आणि निघायच्या दिवशी आत माई तिची ओटी भरत असताना बाहेर आबा तिच्या गाडीची ओटी भरत. हा त्यांचाच शब्द. जुनं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल भरायचं. जावयाची मोटारसायकल होती तेव्हा तिचं, मग जीप आली तेव्हा जीपचं. लेक माहेराहून रिकामी जात नाही, तशी तिची गाडीही रिकामी जाता कामा नये. शेवटी एक थेंब गाळणकागदावर घ्यायचा. बाकीच्यांचे कागद ते वाचून फेकून देत. ताईच्या गाडीचा कागद मात्र ओसरीतल्या दोरीवर लाकडी चिमट्याने अडकवलेला असे, तो पुढच्या आखाजीपर्यंत. त्या दोरीवर दुसरं काही वाळत घालायची माईंनाही मुभा नव्हती.

हे ऑइल येई ब्राह्मणपुरीहून. तिथे आबांची वडिलोपार्जित शेती. केळी, ऊस, कापूस. शेतातल्या घरात ऑइलचा एक मोठा ड्रम होता आणि ट्रॅक्टर, पाण्याचं इंजिन, जुनी जीप अशा सगळ्यांना त्याच ड्रममधून मिळे. जाड, दाट, डिझेलच्या इंजिनाचं. आबा ते अंगठा आणि बोट यांच्यात धरून बोटं लांब करत. पाकाला यावी तशी तार येई. "ऑइलले तार पाहिजे," असं ते म्हणत. ती जीप इतकी वर्षं इंजिन न उघडता चालली होती, की या तारेवर कुणी प्रश्न विचारत नसे.

एका आखाजीला ताई स्वतःची नवी गाडी स्वतः चालवत आली. पेट्रोलवर चालणारी, छोटी, पांढरी. गाडी घेऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि डोळे पुसले. लेक स्वतः गाडी चालवत माहेरी आली, याचं त्यांना फार वाटलं. निघायच्या दिवशी त्यांनी रीतीप्रमाणे गाडीची ओटी भरली. ब्राह्मणपुरीच्या ड्रममधलं ऑइल, चांगलं तार धरणारं.

पावसाळ्यात मी एकदा ताईला सहज फोन केला, तेव्हा तिने बोलता बोलता सांगितलं. रोज सकाळी गाडी चालू केली की थोडा वेळ इंजिनातून टकटक आवाज येतो. गाडी पूर्वीसारखी पळत नाही, पेट्रोलही जास्त पिते. सर्व्हिस सेंटरच्या माणसाने काडी बघून विचारलं होतं, हे कुठलं ऑइल भरलंय? ऑइल बदलून घे असं त्याने सांगितलं, तर ती नंतर बघते म्हणून निघून आली होती.

"मंग बदली टाका ना ताई," मी म्हणाले.

"आखाजीनं ऑइल शे ते. पुढली आखाजीलोंग चाली. आबाले सांगू नको, तुले मन्ही आन शे."

तिच्या बोलण्यातून आणखीही एक गोष्ट कळली. सासूबाई बोलायला तिखट. माहेरच्या ऑइलने गाडी वाजायला लागली हे त्यांना कळलं असतं, तर ते वाक्य ताईला जन्मभर ऐकावं लागलं असतं. आणि आबांना कळलं असतं तर ते अजून वाईट. म्हणून ती दोन्हीकडून गप्प होती आणि गाडी टकटक करत होती.

मला तेव्हा नोकरी लागून थोडाच काळ झाला होता. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. मुलाखतीत मला विचारलं, नमुना घेताना काय काळजी घ्याल? मी आबांकडे इतकी वर्षं जे पाहिलं होतं ते सांगत गेले. माझं पदवीचं शिक्षण कॉलेजात झालं हे खरं, पण ते उत्तर ओसरीवरचं होतं. गावोगाव नमुने गोळा करायला जावं लागे, म्हणून मी गाडी घेतली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. वडील तिला हात लावण्याआधी हात धुवून आले होते.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि माझ्या गाडीचं ऑइल बदलायची वेळ जवळ आली. एका सकाळी आबा ब्राह्मणपुरीचा कॅन घेऊन अंगणात हजर. मी गाडीबरोबर आलेलं पुस्तक घेऊन खाली आले आणि ऑइलचं पान वाचून दाखवलं. त्यात झिरो डब्ल्यू ट्वेंटी असं लिहिलेलं होतं, आणि ते पेट्रोल इंजिनासाठीचंच हवं असंही. आबांच्या कॅनवर फिफ्टीन डब्ल्यू फॉर्टी होतं, म्हणजे त्याहून बरंच जाड.

"वीस?" आबा म्हणाले. "वीस तं पानी शे. पुस्तक लिखनारानी नंदुरबारना मे महिना देखेल नही."

अंगणात दोनच माणसं होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तिसरी, नवापूरची. ताईची शपथ मोडायची नव्हती आणि आबांना ते जाड ऑइलही भरू द्यायचं नव्हतं. तेव्हा मला आबांचंच वाक्य आठवलं.

"मंग सॅम्पल ल्या ना, आबा."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग कॅन खाली ठेवला आणि चप्पल घालून बाजारात गेले. परत आले तेव्हा हातात पुस्तकात लिहिलेल्या ऑइलचा छोटा डबा होता आणि चेहऱ्यावर शत्रूच्या गोटातून आल्याचा भाव.

गच्चीवर चांगलीच थंडी होती. आबांनी दोन परीक्षानळ्या उभ्या केल्या. एकीत जाड ऑइल, दुसरीत पातळ. दोन्हींत सायकलच्या बेअरिंगचा एकेक छर्रा सोडला. पातळ ऑइलमधला छर्रा झपकन तळाला गेला. जाडमधला आरामात, वाटेत विचार करत करत उतरला. आबा खूश झाले. "देखं? त्यामा दमच नही."

"इंजिन इतलं थंडं ऱ्हास का पन?" मी विचारलं.

आबा उठले. नळ्या उचलून स्वयंपाकघरात गेले. मागोमाग माईंचा आवाज आला, "चहानं पातेलं मी देवाव नही." शेवटी एक जुनं पातेलं मिळालं. पाणी उकळलं, नळ्या त्यात उभ्या केल्या. चाललेल्या इंजिनातलं ऑइल साधारण उकळत्या पाण्याइतकं तापतं, हे आबांना माहीत होतं. मीही ते त्यांच्याकडूनच शिकले होते. ऑइल तापल्यावर त्यांनी पुन्हा छर्रे सोडले. या वेळी जाड ऑइलमधला छर्राही झपकन गेला. पातळमधल्याच्या जेमतेम मागे. आबांनी छर्रे चुंबकाने वर काढले आणि परत सोडले. परत काढले, परत सोडले. माई पदराने कपाळ पुसत बघत होत्या.

"मे महिना इंजिनना बाहेर शे, पोरी," आबा म्हणाले. "मझार तं बारा महिना मे."

मग त्यांचं त्यांनीच पुढचं जोडलं. मला काही सांगावं लागलं नाही. चालू इंजिनात आतच इतकी उष्णता असते, की बाहेर चव्वेचाळीस अंश आहेत की वीस, याने फारसा फरक पडत नाही. तापल्यावर जाड ऑइलही पाण्यासारखं पळतं. खरा फरक पडतो तो सकाळी, इंजिन थंड असताना. त्यांनी एक केसाएवढी बारीक काचेची नळी आणली. थंड पातळ ऑइल तिच्यातून सुळकन गेलं. थंड जाड ऑइल तोंडाशीच अडून बसलं. नव्या इंजिनांच्या आतल्या वाटा अशाच बारीक असतात, फटी नाजूक असतात. त्या पातळ ऑइलच्याच मापाने घडवलेल्या असतात. जाड ऑइल तिथे पोचतं, पण उशिरा, आणि ते पोचेपर्यंत इंजिन कोरडं फिरतं. जुन्या जीपच्या फटी रुंद, तिला जाडच हवं. ट्रॅक्टरलाही. नव्या गाडीला नाही.

"मी थंडं ऑइल बोटवर देखं," आबा म्हणाले, "नि गरम इंजिनले सांगत बसनू."

पाण्याचा गॅस माईंनी बंद केला. आबा ओसरीत आले. दोरीवर ताईच्या गाडीचा कागद होता. त्याच्याकडे बघत उभे राहिले आणि मग माझ्याकडे न बघता मोबाइल मागितला. स्पीकर कसा लावायचा ते त्यांना येत नसे, तो मी लावून दिला.

"सकाळे गाडी चालू करस तं टकटक वाजस का?" त्यांनी विचारलं. कशी आहेस वगैरे काही नाही.

मग ताई म्हणाली, "वाजस. पन थोडंसंच."

"कधीपाईन?"

"आबा..."

"कधीपाईन, माय?"

"आखाजीपाईन."

उद्या येतो एवढंच सांगून आबांनी फोन माझ्या हातात दिला. मी शपथ मोडली असं समजून ताई आता ओरडेल असं मला वाटलं. ती मात्र रडवेल्या आवाजात एवढंच म्हणाली, "त्यासले समजाड. येवू देवू नको." नवापूरला, सासूबाईंसमोर, बापाने आपली चूक कबूल करायला यावं हे तिला नको होतं. लेकीच्या सासरी बाप जरा ताठ मानेनेच जातो. ती मान तिला वाचवायची होती, म्हणून ती इतके महिने टकटक ऐकत होती.

माईंचा विरोध वेगळा होता. "लेकले दिधेल कोनी माघारी लेस का? लोके काय म्हनतीन?"

"माघारी लेवाले नही जाई ऱ्हायनू," आबा म्हणाले. "खोटं दिधं व्हतं, ते खरं कराले जाई ऱ्हायनू."

माईंनी थोडा विचार केला आणि त्यातून वाट काढली. आधी द्यायचं, मगच काढायचं. म्हणजे लेक क्षणभरही रिकामी राहणार नाही. त्यांनी नारळ, गहू, खण अशी तयारी केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून निघालो. माझ्या गाडीत तोवर आबांनी पातळ ऑइल भरलं होतं. विसरवाडीच्या घाटात ते मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. एकदाच म्हणाले, "हलकी चाली ऱ्हायनी." त्यात कौतुक होतं आणि थोडा हेवाही.

फार्मच्या आवारात जावई, त्यांची आई आणि ताई असे सगळेच होते. जावई म्हणाले, "मामा, राहू द्या हो. पुढच्या आखाजीला बदलूच." आबांनी ऐकलं नाही. आधी माईंनी ताईला पाटावर बसवून ओटी भरली, आणि नारळ-गव्हाच्या वर नव्या पातळ ऑइलचा सीलबंद डबा ठेवला. ताईला पदर दोन्ही हातांनी सावरून धरावा लागला. ती रडत होती आणि डब्याचं वजन सावरताना हसतही होती. मग आबा धोतराचा काचा मारून गाडीखाली गेले. जावयाने खाली घमेलं धरलं. काळपट दाट ऑइल संथ धारेत बाहेर आलं. आबांनी सवयीने एक थेंब कागदावर घेतला. थेंब छान पसरला.

ते उठले. कागद हातात होता. विहीणबाई पायरीवर उभ्या होत्या, फार्मवर काम करणारी माणसंही थांबून बघत होती. कुणी काही विचारलं नव्हतं. विचारेपर्यंत थांबणं हा आबांचा स्वभाव नव्हता.

"ऑइल चांगलं शे," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "ही गाडीले ते लागू नही. ते मी भरं. लेकनी काही चूक नही, गाडीनी नही. मी चुकनू."

ताई जमिनीकडे बघत होती. आता विहीणबाईंची पाळी होती.

"याही," विहीणबाई म्हणाल्या, "ऑइल तं पातळ करं तुमी. आते भाजीवरनी तरी बी पातळ करू का?"

"ईहीनबाई," आबा म्हणाले, "तिनं सॅम्पल लेवाशिवाय सांगता येवाव नही."

विहीणबाईंना हसू आवरेना. जो टोमणा ताईला जन्मभर ऐकायचा होता तो असा एका जेवणात संपला. शेवभाजीवर बोटभर तरी होती. आबांनी दोनदा मागून घेतली आणि निष्कर्ष राखून ठेवला.

पुढच्या दिवशी सकाळी ताईने फोन करून मोबाइल बॉनेटवर धरला आणि गाडी चालू केली. आबा ओसरीत डोळे मिटून ऐकत होते. नुसती घरघर, एकसारखी. त्यांनी मान हलवली आणि दोरीवरचा जुना कागद काढून, नवापूरला भरलेल्या पातळ ऑइलचा थेंब घेतलेला नवा लावला. आखाजी नसताना तो कागद बदललेला मी तेव्हाच पाहिला.

त्यानंतर कितीतरी दिवस आबा आपली चूक गावभर परत घेत फिरले. ज्या ज्या माणसाला नव्या गाडीत जाड ऑइल भरायला सांगितलं होतं, त्याच्याकडे ते पायी गेले. मिरची बाजारात वाळत घातलेल्या मिरच्यांच्या लाल पथाऱ्यांमधून खोकत खोकत जाऊन एकेका दुकानात सांगून आले, की माझं चुकलं, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा आणि ते वाचता येत नसेल तर माझ्याकडे आणा. मी एकदा बरोबर होते. एक व्यापारी म्हणाले, इतकी वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवला त्याचं काय? आबा म्हणाले, आता ठेवा, आता तर सॅम्पल घेतलंय. मला वाटलं होतं, यानंतर लोक त्यांच्याकडे यायचे थांबतील. उलट गर्दी वाढली. चूक सांगायला स्वतः येणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला होता.

माझ्या बदलीचा आदेश आला तेव्हा आखाजी जवळ होती. मी सणापर्यंत थांबले. ताई आली, झोके झाले, आणि आम्ही दोघी एकाच दिवशी निघालो. ती नवापूरला, मी नव्या गावाला. आत माईंनी ताईची ओटी भरली आणि मला म्हणाल्या, तू बी बठ. पाट मोकळा झाला नव्हता, म्हणून मी ताईच्या शेजारी जमिनीवरच बसले. बाहेर बॉनेटचा आवाज आला. येऊन पाहते तर आबा माझ्या गाडीखाली होते. मी म्हणाले, आबा, अजून बरेच किलोमीटर बाकी आहेत. गाडीखालून फक्त एक हात बाहेर आला, पान्यासाठी.

काम झाल्यावर त्यांनी काडी काढली, थेंब गाळणकागदावर घेतला आणि सुकू दिला. मग आत जाऊन चिमटा शोधून आणला. दोरीवर ताईच्या कागदाशेजारी त्यांनी माझा कागद अडकवला, वारा येईल त्या बाजूला, नीट सरळ करून.

आबांना आता खाली वाकवत नाही. ते खुर्चीवर बसून सूचना देतात आणि जावई गाडीखाली जातात. माझ्या गावच्या सर्व्हिस सेंटरमधून अधूनमधून फोन येतो, मॅडम, ऑइल बदलायची वेळ झाली. मी त्यांना सांगते, माझ्या गाडीचं वेळापत्रक ठरलेलं आहे. ते विचारतात, कसं? मी सांगते: दहा हजार किलोमीटर किंवा आखाजी, यांपैकी जे आधी येईल ते.